टेम्प्लरांची दंतकथा: पॅरिसचा खटला, गोव्याचा क्रूस आणि मुंबईचा डॉक्टर

टेम्प्लर हा मध्ययुगीन युरोपातल्या शस्त्रधारी संन्याशांचा संघ. १११९च्या सुमारास तो जेरुसलेममध्ये उभा राहिला आणि १३१२ साली पोपच्या हुकमाने मोडला. त्याचा खरा इतिहास दोनशे वर्षांच्या आतला आहे. संघ मोडल्यावर चारशे वर्षांनी त्याच्याभोवती कथा रचल्या जाऊ लागल्या आणि त्या अजून थांबलेल्या नाहीत. टेम्प्लरांनी अमाप सोने दडवले, ख्रिस्ताच्या वंशाचे रहस्य त्यांच्यापाशी होते, फ्रेंच राज्यक्रांती त्यांनीच घडवली, आजही पडद्याआडून जग तेच चालवतात, अशी या कथांची मजल जाते. त्यांचे धागे आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. टेम्प्लरांचा वारसा चालवणारा पोर्तुगीज संघ गोवा, चौल आणि वसईच्या इतिहासात आहे. टेम्प्लरांची कथा इंग्रजी वाचकांत पसरवणारा एक लेखक मुंबई इलाख्यातला डॉक्टर होता. आणि शस्त्रधारी संन्याशावर गुप्त कारस्थानाचा आळ येण्याचा प्रसंग मराठ्यांच्या इतिहासातही घडलेला आहे.

पहिल्या धर्मयुद्धात, १०९९ मध्ये, जेरुसलेम ख्रिस्ती फौजांच्या हाती पडले. शहर मिळाले, पण वाटा सुरक्षित नव्हत्या. समुद्रकिनाऱ्यावरून तीर्थस्थानांकडे निघालेले यात्रेकरू वाटेत लुटले आणि मारले जात. त्यांच्या रक्षणासाठी ह्यूग द पायें या फ्रेंच सरदाराने काही साथीदार जमवले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही संन्याशांची व्रते त्यांनी घेतली, पण तलवार खाली ठेवली नाही. राजा दुसरा बाल्डविन याने त्यांना अल-अक्सा मशिदीच्या वास्तूत जागा दिली. ही वास्तू म्हणजे बायबलमधल्या सॉलोमन राजाचे मंदिर, अशी तेव्हाच्या ख्रिस्ती लोकांची समजूत होती. त्या टेम्पलवरून संघाला नाव पडले.

११२९ मध्ये फ्रान्समधल्या त्र्वा येथील धर्मपरिषदेने संघाला नियमावली दिली. ११३९ मध्ये पोपने सनद देऊन त्याला फक्त स्वतःच्या अधिकाराखाली घेतले. स्थानिक बिशपचा हुकूम त्यांच्यावर चालत नव्हता आणि धर्मकरातूनही सूट होती. युरोपभर जमिनी, गिरण्या आणि वाडे दान मिळत गेले. लंडनला किंवा पॅरिसला पैसा भरावा आणि त्यांच्या लेखी चिठ्ठीवर पूर्वेकडच्या ठाण्यात तो उचलावा, ही त्यांची सोय आपल्याकडच्या हुंडीसारखीच होती. फ्रान्सच्या राजाचा खजिनासुद्धा बराच काळ त्यांच्या पॅरिसच्या गढीत असे. संघाच्या सभा मात्र बंद दाराआड होत. नव्या बांधवाचा दीक्षाविधी बाहेरच्या कोणी पाहायचा नाही, असा दंडक होता. लष्करी शिस्त म्हणून पाळलेली ही गुप्तता पुढे त्यांच्या गळ्याशी आली.

१२९१ मध्ये अक्कोचा किल्ला पडला आणि पूर्वेकडचे ख्रिस्ती राज्य संपले. टेम्प्लर सायप्रसला हटले. ज्या कामासाठी संघ जन्मला ते काम उरले नाही, पैसा आणि विशेषाधिकार मात्र शिल्लक होते. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप तेव्हा लढायांच्या कर्जाने गांजला होता. त्याने नाण्यांतली चांदी कमी केली, १३०६ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवून त्यांची मालमत्ता जप्त केली. त्याच वर्षी चलनाच्या घोळामुळे पॅरिसमध्ये दंगल उसळली, तेव्हा जीव वाचवायला राजा टेम्प्लरांच्याच गढीत शिरला होता.

१४ सप्टेंबर १३०७ रोजी राजाचे मोहोरबंद हुकूम देशभरच्या अंमलदारांकडे गेले आणि शुक्रवार, १३ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समधले टेम्प्लर एकाच वेळी पकडले गेले. आरोप भयंकर होते. दीक्षेच्या वेळी ख्रिस्ताला नाकारणे, क्रूसावर थुंकणे, अश्लील चुंबने, पुरुषांमधील संभोग आणि एका मुंडक्याच्या मूर्तीची पूजा. हे आरोप नवे नव्हते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. काही वर्षांपूर्वी याच राजाने पोप आठव्या बॉनिफेसशी भांडण काढले तेव्हा राजाचा मंत्री गियोम द नोगारे याच्या गोटातून त्या पोपवरही पाखंडाचे, अनैतिक संभोगाचे आणि सैतान पाळल्याचे आरोप झाले होते. शत्रू बदलला, आरोपपत्राचा साचा तोच राहिला.

पॅरिसमध्ये तपासलेल्या १३८ टेम्प्लरांपैकी १३४ जणांनी कोणता ना कोणता आरोप कबूल केला. तपासात यातनांचा सर्रास वापर झाला होता. कबुली मागे घेणाऱ्याला पुन्हा पाखंडात पडलेला ठरवून जाळता येई, आणि मे १३१० मध्ये पॅरिसजवळ ५४ जणांना एका दिवसात तसे जाळण्यात आले. जिथे यातनांचा असा सर्रास वापर झाला नाही तिथे चित्र वेगळे होते. सायप्रसमध्ये, पोर्तुगालमध्ये आणि आरागॉनमध्ये टेम्प्लर निर्दोष ठरले. तरीही २२ मार्च १३१२ रोजी पोप पाचव्या क्लेमेंटने संघ बरखास्त केला आणि नंतर त्याची मालमत्ता हॉस्पिटलर या दुसऱ्या लष्करी संघाला देऊन टाकली. संघाला दोषी ठरवणारा निकाल त्या हुकमात नव्हता. बदनामी इतकी झाली आहे की संघ चालवणे शक्य नाही, एवढेच कारण होते. मार्च १३१४ मध्ये शेवटचा प्रमुख जाक द मोले याने आपली कबुली जाहीरपणे मागे घेतली आणि त्याच संध्याकाळी त्याला पॅरिसमध्ये सीन नदीतल्या बेटावर जाळले गेले.

सुमारे महिनाभरात पोप वारला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राजा गेला, आणि पुढच्या चौदा वर्षांत राजाचे तिन्ही मुलगे एकामागोमाग एक गादीवर येऊन मरण पावले. मोलेने चितेवरून शाप दिला ही कथा या योगायोगातून वाढली. खजिन्याच्या कथेचे मूळही खटल्याच्या कागदांतच सापडते. १३०८ मध्ये जाँ द शालों नावाच्या एका टेम्प्लराने ऐकीव साक्ष दिली की फ्रान्समधला एक वरिष्ठ अधिकारी पन्नास घोडे घेऊन पळाला आणि अठरा गलबतांनिशी समुद्रात निघून गेला. कोणत्या बंदरातून, हेही त्या साक्षीत नाही. पुढच्या लेखकांनी बंदर ठरवले, गलबतांत सोने भरले, आणि ती कधी स्कॉटलंडला तर कधी अमेरिकेला नेऊन लावली.

पोर्तुगालात जे घडले त्यात रहस्य काहीच नाही, आणि आपल्याला ते जास्त जवळचे आहे. राजा दिनिशला टेम्प्लरांची ठाणी परक्या संघाच्या हाती द्यायची नव्हती. त्याने पोपकडे रदबदली केली आणि १४ मार्च १३१९ रोजी ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ म्हणजे ख्रिस्त-संघ स्थापन झाला. टेम्प्लरांची पोर्तुगालमधली मालमत्ता, तोमारची त्यांची गढी आणि बरीचशी माणसे या संघात आली. १४२०पासून राजपुत्र हेन्री त्याचा कारभारी झाला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने निघालेल्या मोहिमांना संघाचे उत्पन्न उपयोगी पडले. १४५६च्या पोपच्या सनदेने शोधलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या प्रदेशांचा, पार हिंदुस्थानपर्यंतचा, धर्माधिकार या संघाला मिळाला. तेव्हा पोर्तुगीजांनी हिंदुस्थान पाहिलाही नव्हता.

पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस या संघाचा. वास्को द गामा आधी सान्तियागो संघात होता आणि १५०७ मध्ये ख्रिस्त-संघात आला. १५२४ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा तो प्रथम चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याजवळ उतरला. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर सुरुवातीला तिथल्या चर्चांवर तोमारच्या संघाचाच अधिकार होता. १५१४ मध्ये तो मदैरा बेटावरच्या बिशपकडे गेला आणि १५३४ मध्ये गोव्याला स्वतंत्र बिशपपद मिळाले. त्याच वर्षी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. १५५१ मध्ये संघाचे प्रमुखपद कायमचे पोर्तुगालच्या राजाकडे आले. त्यानंतर संघाचा किताब म्हणजे सरकारी चाकरीचे बक्षीस झाला, आणि पूर्वेकडे नोकरी बजावलेले अंमलदार त्यासाठी राजाकडे अर्ज करू लागले. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या व्हाइसरॉयांच्या चित्रांमध्ये अनेकांच्या छातीवर हाच क्रूस दिसतो. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पराभूत झालेली सत्ता टेम्प्लरांच्या या वारसदार संघाची अधिपती होती. या वारशाच्या प्रत्येक पायरीला सनद आहे, तारीख आहे, हिशेब आहे. म्हणूनच कारस्थानाच्या कथांना टेम्प्लरांच्या या खऱ्या वारसांत रस नसतो. त्यांना हवा असतो तो कागदच नसलेला वारस.

शस्त्रधारी संन्यासी आपल्याकडेही होते. दशनामी गोसाव्यांचे आखाडे शस्त्र बाळगत, फौजा पुरवत, व्यापार करत. पेशवाईतल्या पुण्यात गोसावी सावकारही होते. ब्रह्मचर्य, तलवार आणि तिजोरी एकत्र आली की लोकांच्या मनात दरारा आणि संशय दोन्ही उभे राहतात. अनूपगीर गोसावी ऊर्फ हिंमतबहादूर हे याचे ठळक उदाहरण. १७६१ मध्ये पानिपतावर तो अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या बाजूने, म्हणजे मराठ्यांविरुद्ध लढला. पुढे तो महादजी शिंद्यांच्या पदरी आला. १७८९ मध्ये महादजी मथुरेकडे मुक्कामाला असताना गंभीर दुखणाईत पडले आणि हिंमतबहादराने आपल्यावर जादूटोणा करवला, असा त्यांचा संशय झाला. त्याला पकडायची तजवीज झाली तेव्हा तो पुण्याहून आलेल्या अली बहादराच्या छावणीत, पेशव्यांच्या जरीपटक्याच्या आश्रयाला गेला. अली बहादर त्याला परत देईना. आधीच ताणलेले महादजी आणि नाना फडणीस यांचे संबंध या प्रकरणाने आणखी बिघडले.

हा आळ टेम्प्लरांवरच्या आरोपांच्या जातीचाच आहे. शेवट मात्र निराळा झाला. गोसाव्यांचे आखाडे मोडले गेले नाहीत, जादूटोण्याचा आरोप राज्याच्या नावाने सिद्ध करून जाहीर झाला नाही. हिंमतबहादूर अली बहादराबरोबर बुंदेलखंडात गेला, १८०३ मध्ये इंग्रजांना मिळाला आणि १८०४ मध्ये मेला. आखाडे तर आजही आहेत. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला आणि वैष्णव आखाडे नाशिकला स्नान करतात, आणि ते लाखो लोक पाहतात. डोळ्यांसमोर नांदणाऱ्या संस्थेविषयी चांगले-वाईट खूप बोलले जाते, पण ती कुठे गेली हा प्रश्न कोणी विचारत नाही. टेम्प्लरांच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न मोकळा राहिला, आणि दंतकथा त्या रिकाम्या जागेत वाढली.

ती जागा भरण्याची गरज अठराव्या शतकात निर्माण झाली. १७१७ मध्ये लंडनला फ्रीमेसन मंडळांची मध्यवर्ती संस्था, म्हणजे ग्रँड लॉज, उभी राहिली. पाथरवटांच्या व्यवसाय-संघांच्या रूपकांवर बांधलेली ही बंधुसंस्था युरोपभर पसरली. पण खानदानी सभासदांना पाथरवटांचा वारसा कमीपणाचा वाटे. १७३७च्या सुमारास रॅम्झी या पॅरिसमध्ये राहणाऱ्या स्कॉटिश गृहस्थाने एका भाषणात फ्रीमेसनांचे मूळ धर्मयोद्ध्यांशी जोडले. टेम्प्लरांचे नाव त्याने घेतले नव्हते. ते इतरांनी घातले. जर्मनीत फॉन हुंड या सरदाराने टेम्प्लरांची परंपरा सांगणारी शाखाच काढली आणि तिचे खरे प्रमुख ‘अज्ञात वरिष्ठ’ आहेत असे जाहीर केले. ते वरिष्ठ कधी प्रकट झाले नाहीत. १७८२ मध्ये विल्हेल्म्सबाद येथे भरलेल्या सभेत त्याच्या अनुयायांनी टेम्प्लरांपासून आलेल्या वंशाचा दावा सोडून दिला. दावा करणाऱ्यांनी तो सोडला, पण ऐकणाऱ्यांनी धरून ठेवला.

मग १७८९ची फ्रेंच राज्यक्रांती झाली. सोळाव्या लुईला १७९२ मध्ये पॅरिसमधल्या ज्या मनोऱ्यात कैदेत ठेवले तो टेम्प्लरांच्याच जुन्या गढीचा. जानेवारी १७९३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. गर्दीतून कोणीतरी मोलेचा सूड उगवल्याची आरोळी ठोकली, ही कथा नंतर रचली गेली. १७९७ मध्ये बार्युएल या फ्रेंच पाद्र्याने ग्रंथ लिहून टेम्प्लर, फ्रीमेसन आणि क्रांतिकारक अशी सरळ साखळी मांडली. जी परंपरा फ्रीमेसनांनी प्रतिष्ठेसाठी उसनी घेतली होती तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. १८०६ मध्ये बार्युएलकडे आलेल्या एका पत्राने त्या साखळीत ज्यूंनाही गोवले. इथून ही दंतकथा करमणूक राहिली नाही. सगळ्या उलथापालथीमागे एकच गुप्त मंडळ असते हा विचार ज्यूद्वेषाच्या पुढच्या प्रचाराचा कणा झाला, आणि विसाव्या शतकात त्याची किंमत लाखो निरपराध माणसांनी मोजली.

हीच कथा इंग्रजी वाचकांत नेणारा मुंबई इलाख्यातला डॉक्टर म्हणजे जेम्स बर्न्स. तो स्कॉटलंडच्या माँट्रोझ गावचा. १८२१ मध्ये तो धाकटा भाऊ अलेक्झांडर याच्याबरोबर मुंबईत उतरला. अलेक्झांडर पुढे बुखाऱ्याच्या प्रवासाने गाजला आणि १८४१ मध्ये काबूलमध्ये मारला गेला. जेम्स कंपनी सरकारचा डॉक्टर होता. भूजच्या रेसिडेन्सीत त्याने काम केले, सिंधच्या अमीरांच्या दरबारीही जाऊन आला. मायदेशी रजेवर असताना, १८३७ मध्ये, त्याने टेम्प्लरांच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. स्कॉटलंडमधले टेम्प्लर तिथला राजा रॉबर्ट ब्रूस याच्या झेंड्याखाली गेले आणि १३१४च्या बॅनॉकबर्नच्या लढाईत लढले, ही कथा या पुस्तकाने पुढे नेली. त्या काळच्या कोणत्याही बखरीत तिचा आधार नाही. १३०९ मध्ये एडिंबराजवळ चौकशी झाली तेव्हा तपासायला दोनच टेम्प्लर हाती लागले होते. आज स्कॉटलंडमधल्या रॉझलिन चॅपलच्या भिंतींत टेम्प्लरांच्या खुणा शोधणारे पर्यटक ज्या स्कॉटिश कथेवर विश्वास ठेवतात, तिच्या घडणीत या डॉक्टरचा हात आहे.

त्याच बर्न्सने मुंबईत एक खरे काम केले. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने त्याला पश्चिम हिंदुस्थानातल्या फ्रीमेसनांचा प्रमुख नेमले होते. माणेकजी करसेटजी या पारशी सुधारकाला मुंबईच्या युरोपीय सभासदांनी प्रवेश नाकारला होता.  बर्न्सने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे हिंदी लोकांना खुले असलेले लॉज, म्हणजे फ्रीमेसन मंडळ, स्थापन केले. गोरे आणि हिंदी एका खोलीत बरोबरीने बसण्याच्या जागा त्या मुंबईत फारशा नव्हत्या. टेम्प्लरांशी काल्पनिक नाते सांगणाऱ्या संस्थेच्या खात्यावर ही एक ठोस, कागदोपत्री नोंदलेली सुधारणा आहे. बंद दाराचा संशय मात्र इथेही सुटला नाही. उत्तर हिंदुस्थानात फ्रीमेसनांच्या इमारतीला लोक ‘जादूघर’ म्हणत.

विसाव्या शतकात दंतकथा बाजारात आली. १९५६ मध्ये प्येर प्लांतार या फ्रेंच माणसाने ‘प्रायरी ऑफ सायन’ नावाची संस्था नोंदवली आणि ती मध्ययुगीन भासावी म्हणून टेम्प्लरांशी नाते सांगणारे बनावट कागद फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवले गेले. १९८२ मध्ये निघालेले ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ त्या कागदांवर उभे राहिले आणि डॅन ब्राउनची २००३ची कादंबरी ‘द दा विंची कोड’ त्या पुस्तकावर. कादंबरीवरचा चित्रपट २००६ मध्ये आला तेव्हा भारतात त्याविरुद्ध निदर्शने झाली आणि गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. ज्या गोव्याला टेम्प्लरांच्या वारसदार संघाचा खरा इतिहास आहे तिथे वाद झाला तो बनावट कागदांवरून. २००७पासून ‘असासिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेममध्ये टेम्प्लर खलनायक आहेत. गेम खेळणाऱ्या मुलाला ही कल्पित गोष्ट आहे हे बहुधा ठाऊक असते. सगळ्यांनाच ते ठाऊक नसते. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ७७ माणसांचा जीव घेणारा खुनी स्वतःला नव्या टेम्प्लर संघाचा नाइट म्हणवत होता.

या सगळ्या काळात खटल्याचे मूळ कागद पॅरिसमध्ये आणि व्हॅटिकनमध्ये होते. २००१ मध्ये बार्बरा फ्राले या इटालियन संशोधिकेला व्हॅटिकनच्या दप्तरखान्यात चुकीच्या ठिकाणी नोंदलेले एक चर्मपत्र मिळाले. ऑगस्ट १३०८ मध्ये पोपच्या तीन कार्डिनलांनी शिनोंच्या किल्ल्यात टेम्प्लर नेत्यांची जी चौकशी केली तिचा तो अहवाल आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनने तो खटल्याच्या इतर कागदांसह छापून प्रसिद्ध केला. त्यात खजिना नाही, वंशाचे रहस्य नाही, जगाच्या कारभाराचा आराखडा नाही. कार्डिनलांनी जाक द मोले आणि त्याच्या सहकाऱ्यांना पापमुक्त करून पुन्हा चर्चमध्ये घेतले, अशी नोंद मात्र त्यात स्पष्ट आहे. ही नोंद झाल्यावर साडेपाच वर्षांनी मोलेला जाळण्यात आले.